सहा देशांचा एक एक्स-रे

जोगेश्वरी, साकीनाका, कुर्ला या पट्ट्यात कुणी आखातात नोकरीला निघालं की शेजारीपाजारी एकच विचारतात, ‘गामका झालं का?’ गामका म्हणजे आखाती देशांनी मान्यता दिलेल्या वैद्यकीय तपासणी केंद्रांची संघटना. कागदोपत्री हे नाव आता मागे पडलंय आणि सगळा कारभार ‘वाफिद’ नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून चालतो, पण एजंटापासून उमेदवारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून गामकाच आहे. पासपोर्टचा नंबर आणि जायचा देश भरायचा, पैसे भरायचे, स्लिप काढायची आणि स्लिपवर ज्या केंद्राचं नाव येईल तिथे सकाळी हजर व्हायचं. उंची, वजन, नजर, रक्तदाब, रक्त, लघवी, आणि शर्ट काढून छातीचा एक्स-रे. क्षय, एचआयव्ही, ब किंवा क प्रकारची कावीळ यांतलं काही निघालं तर शेरा बसतो ‘अनफिट’. यातला एक्स-रे सगळ्यांत धास्तीचा. शाळेत असताना क्षय झालेला असतो, औषधांचा कोर्स पुरा करून माणूस खडखडीत बरा झालेला असतो, पण फुप्फुसावर जुना व्रण राहिलेला असतो. पंचवीस किलोचं पोतं हसत उचलणाऱ्या गड्याचा व्हिसा तो व्रण खाऊन टाकतो.

सौदीच्या नोकरीसाठी तपासणी केली आणि ‘अनफिट’ ठरलो, तर मग कुवेतसाठी करून बघू, असंही चालत नाही. निकाल सहाही देशांच्या यंत्रणेत दिसतो: सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान. अरब ऐक्यावर गेल्या ऐंशी वर्षांत जेवढी भाषणं झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या ऐक्यावर झाली असतील. मुंबईच्या उपनगरातल्या माणसाला त्या ऐक्याची पहिली ओळख होते ती अशी, उघड्या छातीवर यंत्राची थंडगार पाटी टेकवून.

या तपासणीमागे आखाती देशांच्या आरोग्यमंत्र्यांची परिषद आहे. तिची स्थापना १९७६ची, म्हणजे या देशांचे राजे आणि अमीर एकत्र येऊन आखाती सहकार्य परिषद काढण्याच्या पाच वर्षं आधीची. याच परिषदेमार्फत हे देश १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून औषधांची एकत्र खरेदी करतात. एकट्या बहारीनने निविदा काढली तर औषध कंपनी तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. सहा देशांची मिळून निघाली की भाव खाली येतो. हे काम चाळीसहून अधिक वर्षं बिनबोभाट चालू आहे. त्याच्या बातम्या होत नाहीत, आणि माझ्या मते ते टिकण्याचं हेही एक कारण आहे. अरब देशांमधल्या सहकार्याची कहाणी नीट पाहिली तर दिसतं की जी कामं डॉक्टर, इंजिनीअर आणि हिशेबनिसांवर सोपवली ती उभी राहिली. ज्यांत पाटी कुणाच्या दारावर लागणार हा प्रश्न निघाला, तिथे मानपान आडवं आलं.

मानपानाची सुरुवात थेट १९४५पासून. त्या वर्षी २२ मार्चला कैरोमध्ये अरब लीगची स्थापना झाली, संयुक्त राष्ट्रसंघाच्याही काही महिने आधी. सुरुवातीला सात देश होते, आज बावीस आहेत. १९५०मध्ये संरक्षण आणि आर्थिक सहकार्याचा करार झाला, १९५७मध्ये आर्थिक ऐक्याचा, १९६४मध्ये अरब सामायिक बाजारपेठेचा. मधल्या काळात इजिप्त आणि सीरिया १९५८मध्ये चक्क एक देश झाले आणि १९६१मध्ये वेगळेही झाले. सामायिक बाजारपेठ कागदावरच राहिली, कारण एकमेकांना विकण्यासारखं यांच्याकडे फारसं नव्हतंच. तेल असलेल्यांना तेल नको होतं. बिनतेलाच्या देशांचा कारखानदार शेजारच्या मालाला घाबरून जकातीच्या भिंतीआड बसलेला. १९९८पासून मोठा अरब मुक्त व्यापार करार अमलात आला, २००५पर्यंत बहुतेक जकाती उतरल्या, तरी अरब देशांचा आपापसातला व्यापार एकूण व्यापाराच्या दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो.

संयुक्त राष्ट्रसंघानेही या भागासाठी १९७३मध्ये एक आर्थिक आयोग नेमला आणि १९८५मध्ये त्याच्या कामात सामाजिक विकासाची भर घातली. या आयोगाच्या कचेरीचे पत्तेच बघावेत: बैरूत, मग १९८२मध्ये बगदाद, १९९१मध्ये अम्मान, १९९७मध्ये परत बैरूत. विकासाचे अहवाल लिहिणाऱ्यांना लढायांच्या मागेपुढे बिऱ्हाड हलवावं लागत होतं.

आता थोडं मागे, आणि थोडं घराजवळ यायला हवं. आखातातल्या संस्थानांमध्ये एकेकाळी सामायिक चलन होतं. कुवेतपासून मस्कतपर्यंत ते बिनतक्रार चालायचं, आणि ते होतं आपला रुपया.

इंग्रज आखातावर नजर ठेवायचे ती मुंबईतून. १८१९मध्ये रास अल खैमावर स्वारी करणारा आरमारी ताफा मुंबईचा होता. आखाती शेखांशी १८२०चा तह त्यातूनच झाला, आणि आखाताचा कारभार पाहणारा, इराणमधल्या बुशहरचा इंग्रज रेसिडेंट १८७३पर्यंत मुंबई सरकारच्या हुकमतीत होता. मोत्यांचा बाजार मुंबईत, खजुराची गोणी मुंबईला उतरायची, तांदूळ आणि कापड इथून जायचं. व्यवहारामागोमाग चलन गेलं. मोती जपानी शेतीने मातीमोल केले, इंग्रज भारतातून गेले, तरी १९५०च्या दशकात दुबईच्या दुकानात गल्ल्यात रुपयेच असत आणि त्यावर सही असे भारतीय रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची.

त्यात एक भोक होतं. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, दुबईत सोनं मोकळं. गलबतातून सोनं चोरून कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर यायचं आणि त्याच्या मोबदल्यात नोटांची बंडलं परत जायची. तिथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे आणून बदल्यात पौंड मागायच्या. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत भारत सरकार स्वतःच्या परकीय गंगाजळीतून चुकती करत होतं. यावर उतारा म्हणून १९५९मध्ये संसदेने कायदा बदलला आणि रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. नक्षी तीच, रंग निराळा: आपली शंभराची निळी, तिकडची हिरवी. क्रमांकाच्या आधी इंग्रजी ‘झेड’ अक्षर. या नोटा भारतात चालत नसत. हज यात्रेकरूंसाठी त्याच सुमारास ‘एचए’ अक्षरांच्या आणखी वेगळ्या नोटा निघाल्या. जुन्या नोटांचे शौकीन आज या दोन्हींसाठी भरभक्कम रकमा मोजतात.

कुवेतने १९६१मध्ये दिनार काढला, बहारीनने १९६५मध्ये. ज्यांनी उशीर केला त्यांना ६ जून १९६६चा फटका बसला. त्या दिवशी भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. दिल्लीत घेतलेल्या एका निर्णयाने दोह्यातल्या व्यापाऱ्याच्या तिजोरीची किंमत रातोरात घटली. कतार आणि दुबईने घाईने मिळून रियाल काढला, अबू धाबीने बहारीनचा दिनार उचलला, ओमानमध्ये मात्र आखाती रुपया १९७०पर्यंत रेंगाळला. १९७३मध्ये अमिरातीचा दिरहम आला आणि हे प्रकरण संपलं. पुढे आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी एक चलन करायचं ठरवलं, मुदत २०१०ची घातली. ओमान २००६मध्येच ‘आम्हाला वेळेत जमणार नाही’ म्हणून बाजूला झाला. मे २००९मध्ये सामायिक मध्यवर्ती बँक रियाधला होणार असं ठरलं आणि अबू धाबीला आपलं शहर डावललं गेल्याचा राग येऊन अमिरातीने अंग काढून घेतलं. उरलेल्या चौघांनी २०१०मध्ये चलन मंडळ स्थापन केलं, त्याची कचेरी रियाधला आहे, आणि चलनाचा पत्ता नाही. परक्याची नोट यांतल्या बहुतेकांनी विनातक्रार वापरली. आपली काढायची म्हटल्यावर बँक कुठे बांधायची यावर घोडं अडलं.

पैशाच्या बाबतीत अरबांनी एक गोष्ट मात्र लवकर आणि चांगली केली. स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, डिसेंबर १९६१मध्ये, कुवेतने इतर अरब देशांच्या विकासासाठी कर्ज देणारा निधी उभा केला. त्यानंतर १९६८च्या करारातून अरब आर्थिक आणि सामाजिक विकास निधी आला, त्याचं मुख्यालयही कुवेतमध्येच. धरणं, रस्ते, बंदरं, वीज यांसाठी या संस्थांनी सुदानपासून मोरोक्कोपर्यंत कर्जं दिली. इजिप्त आणि जॉर्डन यांच्यामध्ये अकाबाच्या आखाताखालून टाकलेल्या वीजवाहिनीत याच अरब निधीचा पैसा आहे. तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्राकडे तेल नेणारी सुमेद वाहिनी १९७७मध्ये सुरू झाली. तिच्यात निम्मा हिस्सा इजिप्तचा आणि निम्मा सौदी, कुवेत, अबू धाबी आणि कतारचा. त्याच वर्षी बहारीनमध्ये तेलवाहू जहाजांच्या दुरुस्तीची मोठी गोदी उघडली, तीही अरब तेल निर्यातदारांच्या संघटनेने मिळून बांधलेली.

तरीही श्रीमंत अरब देशांकडून गरीब अरब देशांकडे पैसा गेला तो मुख्यतः मजुरीच्या रूपाने. १९७३नंतर तेलाचा भाव वाढला आणि इजिप्तचे मास्तर, येमेनचे गवंडी, पॅलेस्टिनी कारकून आणि इंजिनीअर आखातात आले. त्यांनी घरी पाठवलेल्या पगारावर सना आणि अम्मानमध्ये घरं उभी राहिली. याच सुमारास आपल्याकडचे लोकही निघाले. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठची गावं आधीपासून जहाजांवर खलाशी पुरवत होती, त्यांना समुद्र नवा नव्हता. ही मंडळी मुंबईत नातेवाइकाच्या खोलीवर उतरत, एजंटाच्या कचेरीत खेटे घालत आणि व्हिसा हाती आला की अंधेरी पूर्वेच्या सहार विमानतळावरून जात. १९८३च्या कायद्याने कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर सरकारी मंजुरीची अट आली.

हे सगळं २ ऑगस्ट १९९०ला उलटंपालटं झालं. इराकने कुवेत गिळला. तिथे दीड लाखाहून अधिक भारतीय अडकले. कुवेतचा विमानतळ बंद, दिनार रद्दी झालेला. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. लोकांना बसमधून इराक ओलांडून वाळवंटातून जॉर्डनला आणायचं आणि अम्मानहून विमानात बसवायचं असं ठरलं. एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून १ लाख ११ हजारांहून जास्त माणसं मुंबईत आणली. सरासरी काढली तर दिवसाला आठ विमानं. सहारच्या धावपट्टीवर ती उतरत आणि आतून वर्षानुवर्षांची कमाई मागे टाकून आलेली माणसं बाहेर पडत.

अरब सहकार्याच्या दृष्टीने मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते नंतर घडलेलं. येमेन आणि पॅलेस्टिनी नेतृत्व इराकविरोधी आघाडीत आलं नाही. सौदीने येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेतल्या आणि लाखो येमेनींना परतावं लागलं. युद्ध संपल्यावर कुवेतमधली पॅलेस्टिनी वस्ती जवळजवळ रिकामी झाली. फेब्रुवारी १९८९मध्ये इजिप्त, इराक, जॉर्डन आणि उत्तर येमेन यांनी मोठ्या थाटात काढलेली अरब सहकार्य परिषद दीड वर्षात बुडाली. रिकाम्या झालेल्या जागांवर भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो आले. मालकांनाही ते सोयीचं होतं: हे लोक भाषेने परके, इथल्या राजकारणात पडणार नाहीत, करार संपला की जातील. अरब मजुराच्या पगारातून अरब गरिबाच्या घरी जाणारा पैसा केरळ, कोकण आणि मनिलाकडे वळला. अम्मानहून सहारला रिकाम्या हाताने उतरलेल्यांपैकी कित्येक जण एक-दोन वर्षांतच पुन्हा आखाताच्या विमानात बसले होते.

आखाती सहकार्य परिषद यातून शाबूत राहिली. २५ मे १९८१ला अबू धाबीत स्थापन झालेली ही सहा देशांची संघटना अरब संघटनांमध्ये सगळ्यांत कामाची ठरली, आणि तिचं सगळ्यांत चांगलं काम म्हणजे तारांचं जाळं. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबई अंधारात गेली होती, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहर आपोआप वेगळं होऊन स्वतःच्या विजेवर चालावं अशी मुंबईची व्यवस्था आहे, ती त्या दिवशी कामी आली नाही. आखातानं याच भीतीवर जोडण्याचा उपाय काढला. २००९मध्ये कुवेत, सौदी, बहारीन आणि कतारची ग्रिड जोडली, नंतर अमिराती आणि तिच्यामार्फत ओमान. अडचण एवढीच होती की सौदीची वीज ६० हर्ट्झवर चालते आणि बाकीच्यांची ५०वर. अशा दोन ग्रिड थेट जोडताच येत नाहीत. म्हणून अल फदिली इथे एक केंद्र बांधलं. तिथे वीज आधी एकदिश होते आणि मग पलीकडच्या वारंवारितेवर परत प्रत्यावर्ती होते. आता एखाद्या देशातला मोठा संच बंद पडला की शेजारची वीज क्षणात धावून येते. कुठल्याही देशाला आपली वारंवारिता सोडावी लागली नाही, त्यामुळे मानपानही झालं नाही.

विमानांचं मात्र उलट झालं. १९७४मध्ये बहारीन, कतार, अबू धाबी आणि ओमान यांनी प्रत्येकी पाव हिस्सा घेऊन गल्फ एअर ही सामायिक विमान कंपनी चालवायला घेतली. ऐंशीच्या दशकात तिने दुबईच्या फेऱ्या कमी केल्या. दुबईचा त्या कंपनीत हिस्सा नव्हता. दुबईने १९८५मध्ये पाकिस्तानकडून भाड्याने विमानं घेऊन एमिरेट्स सुरू केली, आणि एमिरेट्सची पहिली ठिकाणं होती कराची, मुंबई आणि दिल्ली. मग कतारने स्वतःची कंपनी काढली, अबू धाबीनेही काढली. कतार २००२मध्ये गल्फ एअरमधून बाहेर पडला, अबू धाबी २००५मध्ये, ओमान २००७मध्ये. आज मध्यरात्री सहारच्या फलकावर एकापाठोपाठ एक दोहा, दुबई, अबू धाबी, मस्कत, बहारीन अशी नावं येतात आणि प्रत्येकाची शेपटी वेगळ्या रंगाची असते. प्रवाशाचा यात फायदाच झाला, हे कबूल करायला हवं. सहकार्य मोडल्याने तिकीट स्वस्त होऊ शकतं.

५ जून २०१७ला सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि त्याच्यासाठी आकाश, समुद्र आणि जमिनीची वाट बंद केली. दोह्याला जाणारा माल एरवी दुबईच्या जेबेल अली बंदरातून जाई. काही आठवड्यांत दोह्याजवळच्या हमद बंदरापासून मुंद्रा आणि आपल्या न्हावाशेवापर्यंत थेट जहाजसेवा सुरू झाली. आश्चर्य वेगळंच होतं. साडेतीन वर्षं चाललेल्या या भांडणात, म्हणजे ५ जानेवारी २०२१ला अल-उला इथे समेट होईपर्यंत, विजेचं जाळं तुटलं नाही, आणि कतारचा नैसर्गिक वायू समुद्राखालच्या डॉल्फिन वाहिनीतून अमिरातीला जात राहिला. अबू धाबीतले एसी शत्रूच्या वायूवर थंड हवा देत होते.

आखाती सहकार्य परिषदेने आपल्या सदस्य देशांच्या नागरिकांसाठी पुष्कळ केलं. २००३पासून जकात संघ झाला, २००८पासून सामायिक बाजारपेठ. ओमानी माणूस दुबईत नोकरी करू शकतो, ओळखपत्र दाखवून सीमा ओलांडतो आणि त्याच्या पेन्शनची वर्गणी ओमानच्या खात्यात जमा होते. पण अमिरातीत आणि कतारमध्ये दहातले जवळपास नऊ जण परदेशी आहेत, आणि ही बाजारपेठ त्यांच्यासाठी नाही. दुबईत बारा वर्षं काढलेल्या मुलुंडच्या फोरमनला कुवेतमध्ये चांगली नोकरी मिळाली तर त्याचा व्हिसा नवा, परवाना नवा, नोकरीची वर्षं शून्यापासून. काही देशांनी मालक बदलण्याचे नियम अलीकडे सैल केले आहेत, तेही आपापल्या सीमेच्या आत.

आता माणसांकडून मालाकडे वळू, आणि पुन्हा अंधेरीत येऊ. मरोळच्या एमआयडीसीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र आहे. १९७३मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी ते सुरू झालं, नावात सांताक्रूझ आहे आणि जागा अंधेरीची आहे. मुंबईकर असल्या गोष्टींकडे लक्ष देत नाहीत. आज तिथे दागिन्यांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत आणि दुबई हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. भारताने ऑगस्ट २००४मध्ये आखाती परिषदेशी एकत्रित व्यापार कराराचा आराखडा केला होता. २००६ आणि २००८मध्ये बोलणी झाली आणि थांबली. जकात संघ असल्याने सहाही जणांनी मिळून करार करायचे असा नियम होता, तो बहारीनने अमेरिकेशी वेगळा करार करून आधीच मोडला होता. अखेर अमिरातीने १८ फेब्रुवारी २०२२ला भारताशी स्वतंत्र करार केला आणि १ मेपासून तो लागू झाला. भारतीय दागिन्यांवरची पाच टक्के जकात दुबईत शून्यावर आली. सोन्याच्या धंद्यात नफा टक्क्यांच्या अपूर्णांकात मोजतात, तिथे पाच टक्के म्हणजे चैन.

त्यामुळे सीप्झमधल्या निर्यात विभागातला कारकून दुबईच्या पार्सलसोबत माल भारतातच घडल्याचं उत्पत्ती प्रमाणपत्र जोडतो, म्हणजे तिकडे जकात शून्य लागते. त्याच घडणावळीचा हार रियाधला किंवा कुवेतला पाठवायचा असला की तो दुसरी फाइल काढतो, कारण अमिरातीची सूट तिथल्या जकात नाक्यावर चालत नाही.